कुंदाला वास नसतो म्हणणाऱ्या काकांना

काका,
(वय बहात्तर असं तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका.)

कुंदाच्या झाडावरच्या माझ्या लेखावर तुम्ही दिलेली प्रतिक्रिया वाचली. तुमचे चार आक्षेप. कुंदाला मुळात वासच नसतो. सरस्वतीच्या श्लोकातही तो पांढरेपणासाठी येतो, वासासाठी नाही. छाटणीचा महिना चुकला. आणि चौथा: "गच्चीवर दोन कुंड्या ठेवणाऱ्या बायकांचं ज्ञान."

छाटणीचं मान्य. मी ऑक्टोबर लिहून बसले होते. ऑक्टोबरमध्ये कात्री चालवली तर कळ्या धरणारे शेंडेच जातात. फुलं ओसरल्यावर, फाल्गुनात छाटायला हवं. दुरुस्त केलंय, आभार.

आता 'बायका'. एक तर कुंड्या दोन नाहीत, अकरा आहेत. 1998 साली लग्न होऊन वाईजवळ गेले, तेव्हा आडाशेजारी कुंदाची जाळी होती. सासूबाईंनी पहिल्याच पावसाळ्यात शिकवलं: लोळणारी फांदी पेराशी जरा खरवडायची, मातीत दाबायची, वर वीट ठेवायची. दिवाळीनंतर हलकेच ओढून बघायची. जोर लागला, तर मूळ धरलं. त्याच जाळीचं दाबकलम मी पुण्याला आणलं, भर उन्हातल्या कुंडीत लावलं. पहिले दोन हिवाळे नुसती पानं, लव असलेली, मऊ. तिसऱ्या माघात फुललं. तोवर रोज जिने चढून पाणी कोणी घातलं? बाईनेच.

तुमच्याकडे एकर जमीन आहे, हे प्रतिक्रियेत दोनदा आलंय. कळलं. एकरात झाड चुका पोटात घालतं हो. कुंडीत दोन दिवस पाणी तुंबलं की पानं पिवळी पडून तोंडावर सांगतात. आणि माझ्या सासूबाई सातवी शिकल्या होत्या, त्यांना कोणी 'ज्ञान' म्हणून हिणवलेलं मला चालत नाही. तुम्ही त्यांना ओळखत नव्हता हे खरं, पण मग बोलू नये.

वासाचं म्हणाल तर तो मोगऱ्यासारखा अंगावर येत नाही, हे मी लेखातच लिहिलं होतं. एकच फूल नाकाशी धरून निकाल देऊ नका. सकाळी ओंजळभर वेचून ओल्या रुमालात बांधा, दुपारी सोडा. श्लोकाचं राहू द्या, मी बागेवर लिहिते. संस्कृतात कुंदाला 'माघ्य' म्हणतात आणि माघी गणपतीच्या चतुर्थीला तिलकुंद म्हणतात, इतपत गच्चीवरही पोचलंय.

दाबकलम हवं असेल तर जूनमध्ये या, फांदी राखून ठेवते. वीट तेवढी तुमच्या एकरातली आणा.