पात्राचे लिंग आणि ताकदीचा आकडा

टेबलाभोवती बसून फाशांच्या आणि कल्पनेच्या बळावर खेळल्या जाणाऱ्या रोल-प्लेइंग गेममध्ये पात्र स्त्री आहे की पुरुष यावरून त्याच्या क्षमतांचे आकडे बदलावेत का? माझे उत्तर स्पष्ट आहे: बदलू नयेत. हे मांडताना मी मुद्दाम ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे उदाहरण घेते, कारण हा प्रयोग त्या खेळात छापील नियमांतून झालेला आहे आणि त्यातून काय साधले, काय बिघडले, हे आज तपासता येते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 1974 सालच्या पहिल्या पुस्तिकांत योद्ध्याला ‘फायटिंग मॅन’ म्हटले होते, पण स्त्रीपात्रासाठी वेगळा आकडा नव्हता. 1976 साली ‘द ड्रॅगन’ या मासिकात लेन लाकोफ्का यांनी स्त्रीपात्रांसाठी वेगळे नियम सुचवले. त्यात स्त्री योद्ध्याची स्ट्रेंग्थ, म्हणजे ताकदीचा आकडा, एक आठ-बाजूंचा आणि एक सहा-बाजूंचा फासा टाकून ठरायची, म्हणजे ती 14 च्या वर जाऊच शकत नव्हती, आणि करिश्मा (व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव) या गुणाच्या जागी ‘ब्यूटी’ हा गुण आला होता. ही एका लेखातली सूचना होती असे म्हणून सोडून देता आले असते. परंतु 1978 च्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीच्या खेळाडूंसाठीच्या मूळ पुस्तकातच लिंगानुसार कमाल स्ट्रेंग्थचा तक्ता छापला गेला. मानवी पुरुषाला 18/00 पर्यंत मुभा, मानवी स्त्रीला 18/50 पर्यंत. (स्ट्रेंग्थ 18 आली की योद्ध्यासाठी 1 ते 100 अशी आणखी एक शतांश फेक होते; तिरप्या रेघेनंतरचा आकडा त्या फेकीचा, आणि 00 म्हणजे 100.) एल्फ या काल्पनिक वंशातल्या पुरुषाला 18/75, एल्फ स्त्रीला 16. हाफलिंग या बुटक्या काल्पनिक वंशातल्या पुरुषाला 17, हाफलिंग स्त्रीला 14. बदल्यात स्त्रीपात्राला दुसऱ्या कोणत्याही गुणात वाढीव मर्यादा दिलेली नव्हती.

या तक्त्याने नेमके काय केले, ते आकड्यांतूनच पाहावे. तीन फाशांची बेरीज 18 येण्याची शक्यता 216 मध्ये एक. त्यानंतरची शतांश फेक फक्त योद्ध्यांसाठी, आणि मानवी स्त्रीची मर्यादा आड येणार ती फेक 50 च्या वर गेली तरच. म्हणजे खेळातल्या जवळजवळ सर्व मानवी स्त्रीपात्रांना या नियमाचा कधी स्पर्शही होणार नव्हता. परंतु ज्या एका खेळाडूला आयुष्यात कधीतरी तो दुर्मीळ फासा पडला, तिचाच आनंद तो हिरावून घेणार होता. हाफलिंग स्त्रीचे नुकसान तर नेहमीचे होते, कारण 17 ला वार करताना आणि इजा करताना प्रत्येकी एक गुण अधिक मिळे, तर 14 ला काहीच मिळत नसे. शरीरशास्त्राचे काटेकोर चित्र म्हणून हा तक्ता फारच तोकडा आहे; पुस्तक उघडणाऱ्या मुलीला ‘तुझी जागा इथवरच’ असे सांगण्यास मात्र तो पुरेसा आहे.

यावर नेहमीचे उत्तर वास्तवाचे असते. सरासरी पुरुष सरासरी स्त्रीपेक्षा अधिक वजन उचलतो, हे खरे आहे आणि ते नाकारण्याची मला गरज वाटत नाही. पण खेळाडूचे पात्र म्हणजे सरासरी नव्हे. फासे टाकायचे तेच मुळी एका विशिष्ट व्यक्तीचे गुण ठरवण्यासाठी, आणि ती व्यक्ती बहुधा गावातल्या चारचौघांहून वेगळी असते, म्हणून तर ती तळघरात उतरते. शिवाय त्याच नियमांत दहाव्या पातळीचा योद्धा 50 फुटांवरून पडला तर बहुतेक वेळा उठून चालू लागतो. तिथे कोणी हाडांचा हिशेब मागत नाही. संपूर्ण खेळात वास्तवाचा आग्रह नेमका स्त्रीच्या दंडापाशीच का धरला गेला, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

काही मित्र अधिक सौम्य मार्ग सुचवतात: स्ट्रेंग्थ कमी करा, पण डेक्स्टेरिटी (चपळाई) किंवा विज्डम (शहाणपण) वाढवून भरपाई द्या. त्यांचा हेतू चांगला असला तरी मला हा मार्ग मूळ नियमाइतकाच अडचणीचा वाटतो. भरपाई दिली की लिंग हे पात्राच्या व्यक्तित्वाचा भाग न राहता फायद्याचे साधन बनते. सगळे धनुर्धर स्त्रिया आणि सगळे कुऱ्हाडवाले पुरुष होतात, आणि जिला कुऱ्हाड घेऊन दारावर धडकणारी रांगडी लढवय्यी खेळायची आहे तिला आपल्या आवडीची किंमत मोजावी लागते.

‘मग एल्फ आणि ड्वार्फ यांचे आकडे तरी वेगळे का?’ हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. माझ्या मते फरक असा की टेबलाभोवती एल्फ बसलेला नसतो. स्त्रिया मात्र बसलेल्या असतात. काल्पनिक वंशाला दिलेली मर्यादा कोणाच्याही खऱ्या आयुष्याला लागत नाही. स्त्रीला दिलेली मर्यादा मात्र, क्रीडांगणापासून नोकरीपर्यंत जे तिने आधीच ऐकलेले असते, तेच तिच्या सुट्टीच्या संध्याकाळी पुन्हा ऐकवते. (वंशाचा प्रश्नही सुटलेला नव्हताच, 2024 च्या आवृत्तीत गुणवाढ वंशाऐवजी पात्राच्या पार्श्वभूमीशी जोडली गेली.)

1989 साली दुसरी आवृत्ती आली तेव्हा लिंगानुसारची मर्यादा काढून टाकण्यात आली. त्यामुळे लढाया खोट्या वाटू लागल्या नाहीत की योद्धा या वर्गाचा तोलही ढळला नाही.

लिंगभेद कथेतूनही हद्दपार करावा, असे माझे म्हणणे नाही. याच खेळातल्या ड्रो, म्हणजे जमिनीखाली राहणाऱ्या काळ्या एल्फांच्या समाजात लॉल्थ देवीचे पौरोहित्य आणि त्यासोबतची सत्ता स्त्रियांच्या हाती असते, आणि त्या जगात पुरुष पात्र घेऊन वावरणे हा विलक्षण अनुभव असू शकतो. मध्ययुगीन दरबारात स्त्री सरदाराला दारावरच अडवले जाते, तेव्हा त्यातून उत्तम प्रसंग घडू शकतो, कारण तिथे पात्राला लढता येते, डावपेच करता येतात, जिंकता येते. तक्त्यातल्या आकड्याशी अशी लढाई शक्य नसते. म्हणून असे जग मांडू इच्छिणाऱ्या प्रत्येक डंजन मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्या आणि कथा मांडणाऱ्या व्यक्तीला, माझी विनंती आहे की पात्रे तयार करण्यापूर्वी, पहिल्याच बैठकीत, हा विषय सर्वांसमोर ठेवा. जिच्या पात्राला ती वागणूक सोसावी लागणार आहे तिला ती हवी आहे का, हे विचारा. आणि तिने नको म्हटले तर कारण न मागता तो भाग कथेतून वगळा.