चारदा तेच तेच? मग बघायलाच हवं

तुमच्या लेखात म्हटलंय की एस्टोनियाच्या फुटबॉल लीगमध्ये दहाच टीम, प्रत्येकीशी चार-चार मॅचेस, म्हणून सीझन कंटाळवाणा. हे नाही पटलं. अहो, ३६ मॅचेसमध्ये तोच अपोनंट चौथ्यांदा समोर आला की त्याला तुमची प्रत्येक चाल पाठ झालेली असते, तिथे जिंकणं जास्त अवघड ना! २०१८ ला नोम्मे काल्यू या क्लबने अख्खा सीझन एकही मॅच न हरता काढला, फ्लोरा आणि लेवाडिया या दोन बड्या क्लबांच्या नाकावर टिच्चून, आणि याचा लेखात उल्लेखच नाही, कमाल आहे.

कामानिमित्त तिथल्या राजधानीत, टाल्लिनला होतो तेव्हा काल्यूच्या हियू ग्राउंडवर जायचो. छोटंसं, आर्टिफिशियल टर्फ (मार्चमध्ये सीझन सुरू होतो, तेव्हा तिकडे गवत कुठलं उगवायला), इतक्या जवळून बघायचं की कोच काय ओरडतोय ते ऐकू यायचं, भाषा कळली नाही तरी शिव्या कळायच्याच. गर्दी कमी हे मात्र लेखकाचं बरोबर. पण म्हणून लेव्हलच नाही म्हणायचं? याच लीगमधली फ्लोरा २०२१ ला कॉन्फरन्स लीगच्या (युरोपभरच्या क्लबांची स्पर्धा) ग्रुप स्टेजला गेली, सर्बियाच्या पार्टिझान आणि बेल्जियमच्या गेंटच्या ग्रुपमध्ये. त्याआधी एकही एस्टोनियन क्लब तिथवर पोचला नव्हता.