एक्स्टेन्शन नंबर वाटून मोकळे व्हा

७०० खुर्च्यांचं कॉल सेंटर उभं राहतंय आणि ‘नंबरांचं तेवढं बघून घ्या’ म्हणत कुणीतरी ते काम तुमच्या गळ्यात टाकलंय. अभिनंदन. वायरिंगवाल्याला भिंती फोडायच्या असतात, सर्व्हरवाल्याला रात्री जागायचं असतं, तुम्हाला नुसते एक्स्टेन्शनचे, म्हणजे ऑफिसातल्या ऑफिसात फिरवायचे, आकडे लिहायचेत. एक्सेल उघडा, पहिल्या रकान्यात आकडा टाका, कोपरा धरून खाली ओढा. जेवणाच्या सुट्टीआधी उरकतं.

नंबर तीन आकडीच घ्या. मीटिंगमध्ये कुणीतरी शहाणा ‘चार घेऊ, पाच घेऊ’ म्हणेल, त्याला बसवा. तीन आकड्यांत १००० नंबर होतात आणि खुर्च्या ७००. शाळेतल्या पोरालाही कळेल. आता ० ऑपरेटरला जातो, ९ बाहेरच्या लाइनला जातो आणि १ ने सुरू होणाऱ्यांत ११२ सारखे आणीबाणीचे नंबर येतात, म्हणून ती शंभरी सोडलेली बरी. उरले २०० ते ८९९. मोजा. बरोबर ७००! खुर्च्या ७००, नंबर ७००. असा योग पत्रिकेतसुद्धा जुळत नाही. त्या क्षणी विचार थांबवा आणि शीट सेव्ह करा.

फोन फक्त खुर्च्यांनाच लागतो, असं धरून चालायचं. ‘एक दाबा, दोन दाबा’ म्हणणाऱ्या आयव्हीआरला नंबर लागतो, प्रत्येक क्यूला (थांबलेल्या कॉलच्या रांगेला) लागतो, कॉन्फरन्स रूमला, ट्रेनिंग रूमला, फॅक्सला, गेटवरच्या फोनला, व्हॉइसमेलला, सुपरवायझर मधेच कान लावतो त्या सोयीला लागतो, हे सगळं नंतर आपोआप बाहेर येतं. यंत्रणासुद्धा स्वतःसाठी काही जागा अडवून बसलेली असते. ॲस्टेरिस्क या फोन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नमुना फायलीत कॉल पार्क करायला (म्हणजे बाजूला ठेवून मग दुसऱ्या फोनवरून उचलायला) ७०० आणि पार्क केलेले कॉल ठेवायला ७०१ ते ७२० दिलेले होते. आपल्या यादीत तिथे २१ माणसं बसलेली. बसू द्या. त्यांना कुणी फोन लावला की एक तर कॉल पार्क होईल, नाहीतर दुसऱ्याच कुणाचा तरी पार्क केलेला कॉल हाती येईल. तेवढीच करमणूक.

आणि बाहेर आलंच, तर तोवर तुमच्याकडे उपाय तयार असतो: जादा मंडळींना चार आकडी नंबर द्या. २१५ आहेच, शेजारी २१५० काढा. दोन्ही गुण्यागोविंदाने नांदतील. यंत्राची अडचण एवढीच, की कुणी २१५ दाबलं की माणसाचं बोलून झालंय की अजून एक आकडा यायचाय, हे त्याला कळत नाही. म्हणून ते वाट बघतं. किती वेळ, ते यंत्रणेवर आहे. सिस्को कंपनीच्या कॉल मॅनेजर या फोन यंत्रणेत हा काळ मुळात १५ सेकंदांचा असतो.

१५ सेकंद वाचायला किरकोळ वाटतात. मी ते एका टीम लीडरबाईंच्या शेजारी उभं राहून मोजलेत. बाईंनी २१५ दाबलं. रिसीव्हरमध्ये काही नाही. ना रिंग, ना एंगेज टोन, ना पलीकडचा आवाज. चौथ्या सेकंदाला त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सातव्याला फोन खाली आपटला. पुन्हा उचलला, २१५, पुन्हा शांतता, पुन्हा आपटला. ‘मेलाय हो हा,’ म्हणाल्या. मी म्हटलं, ‘ताई, अजून जरा थांबा ना.’ त्यांच्या हेडसेटमध्ये होल्डवरचा ग्राहक ताटकळत होता. त्या महिन्यात आम्ही तीन फोन बदलले. तिन्ही धडधाकट होते.

खरं सांगायचं तर कॉल सेंटरमध्ये एक्स्टेन्शन हाताने दाबतंय कोण? ग्राहकाचा कॉल क्यूमधून येतो, ट्रान्स्फर बटणावरून होतो. आकडा छोटा असल्याचा फायदा दिवसातून चार वेळा फोन फिरवणाऱ्या दहा जणांना, आणि आकडे पुरले नाहीत की मनस्ताप सगळ्या फ्लोअरला. पण हे मनातच ठेवा. ‘लोकांच्या लक्षात राहायला सोपं’ हे वाक्य मीटिंगमध्ये कधीच पडत नाही.

आता नंबरात अर्थ भरा. नुसता आकडा किती रुक्ष दिसतो! पहिला आकडा मजल्याचा, दुसरा विभागाचा, तिसरा माणसाचा. ४३६ म्हणजे चौथा मजला, वसुली, सहावी व्यक्ती. वाचता क्षणी माणूस डोळ्यांसमोर. एका विभागात दहाच माणसं मावतात, हा त्यातला बारीकसा दोष. मग अकराव्याला शेजारच्या विभागाचा आकडा द्यायचा आणि शीटमध्ये तो चौकोन पिवळा रंगवायचा. सहा महिन्यांत वसुलीवाले दुसऱ्या मजल्यावर जातील, चौथ्यावर विमावाले येतील, आणि ४३६ हा चौथा मजला नसलेला, वसुली नसलेला, सहावा नसलेला नंबर होईल. नवीन माणसाला मग ‘तो चार म्हणजे चार नव्हे’ असं समजावून सांगायचं. इतर ठिकाणी ट्रेनिंगमध्ये असले बारकावे कुठे शिकवतात?

नंबर खुर्चीचा की माणसाचा, हा वाद कुणी उकरून काढेलच. तीन शिफ्ट असतील तर ७०० खुर्च्यांवर दिवसभरात दोन हजारांच्या घरात माणसं बसतात. समजूतदार लोक खुर्चीला एक्स्टेन्शन देतात आणि माणसाला वेगळा एजंट आयडी. कुठेही बसा, लॉगिन करा, कॉल मागे येतात. आपण असल्या फंदात पडायचं नाही. आयडीही एक्स्टेन्शनच्याच आकड्यांतून काढा, वेगळी मालिका ठेवू नका. अवायासारख्या यंत्रणेत एजंटचा आयडी त्याच डायल प्लॅनमधून (कुठला आकडा कुठे जातो, त्या आराखड्यातून) जातो. एक नंबर दोघांना मिळत नाही म्हणून ती तक्रार करते, आणि मग रात्रपाळीच्या तिघांना लॉगिन का होत नाही, याचा शोध घेण्यात अख्खी रात्र कशी जाते ते कळतही नाही.

माणूस सोडून गेला की त्याचा आयडी त्याच दिवशी नव्याला द्या. वाया कशाला घालवायचा? रेकॉर्डिंग, रिपोर्ट, शिफ्टचं वेळापत्रक, ग्राहकांच्या तक्रारी, सगळं त्या आकड्याला चिकटलेलं असतं, ते आयतंच वारसाहक्काने मिळतं. एका मुलीला रुजू होऊन तिसरा दिवस होता. अजून ती दुसऱ्याच्या शेजारी बसून नुसती ऐकत होती. तिला केबिनमध्ये बोलावून विचारलं, ‘महिनाभर तुमचा एक कॉल सरासरी ११ मिनिटं का चालतोय?’ बिचारीने माफी मागितली.

साहेबलोकांची सोय मात्र आधी बघायची. ५५५, ७७७, ८८८ बाजूला काढून ठेवा, नाहीतर नंतर मालिकेच्या मधून कुणाला तरी उठवावं लागेल. २०० कुणाचा, यावरून दोन व्यवस्थापकांमध्ये अबोला धरला जाईल. ४२० कुणीच घेणार नाही. तो प्रिंटरच्या खोलीला द्या.

आणीबाणीच्या नंबरांचा विचार करू नका, असं इथे चेष्टेत लिहिणार होतो. लिहीत नाही. अमेरिकेत २०१३ साली एका मोटेलच्या खोलीत आईवर हल्ला होत असताना नऊ वर्षांची मुलगी ९११ फिरवत राहिली. कॉल लागला नाही, कारण त्या फोनवर बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ दाबावा लागत होता. त्या आईच्या नावाने २०१८ मध्ये कायदा झाला आणि फेब्रुवारी २०२० पासून तिथल्या नव्या यंत्रणांमध्ये ९११ थेट लागलंच पाहिजे. तुमच्याकडे आणीबाणीचा जो नंबर असेल, त्याच्या वाटेत एकही एक्स्टेन्शन ठेवू नका आणि तो प्रत्येक फोनवरून लागतो का, ते संबंधितांना आधी सांगून एकदा बघा. बाकीचं सगळं बिघडलं तर लोक चिडतील, इतकंच.

तर, पासवर्ड. एक्स्टेन्शन २१५, तर पासवर्डही २१५. लक्षात ठेवायला दुसरं काही नको. इंटरनेटवर असलेली फोन यंत्रणा हुडकून १००, १०१, २००, १००० असे नंबर आणि तेच पासवर्ड लावून पाहणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस फिरत असतात, त्यांचाही वेळ वाचतो. शुक्रवारी रात्री ते आत येतात, शनिवार-रविवार तुमच्या लाइनवरून परदेशी महागड्या नंबरांवर बोलतात. सोमवारी बिलाचा आकडा मात्र तीन अंकांत बसत नाही.

शेवटचं आणि मोलाचं: कुठेही लिहून ठेवू नका. लिहिलंत तर तुमची गरज काय उरली? टेलिफोनला नंबर आले तेच मुळी एका भीतीपोटी. १८७९ साली मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेल गावात गोवराची साथ आली. तोवर ऑपरेटरला नाव सांगायचं आणि कुणाची तार कुठे, ते त्याच्या डोक्यात. ग्राहक होते दोनशेच्या वर, ऑपरेटर चार. तिथल्या डॉ. मोझेस ग्रीली पार्कर यांच्या मनात आलं, चौघेही एकदम आजारी पडले तर नवख्याने बोर्ड कसा सांभाळायचा? त्यांनी सुचवलं, प्रत्येकाला नंबर द्या. म्हणजे डोक्यातलं ज्ञान बाहेर काढण्यासाठी नंबर आले. तुम्ही ते ज्ञान पुन्हा डोक्यात भरायचं आणि गोवराच्या पेशंटपासून लांब राहायचं.

अगदीच गळ्याशी आलं तर एक फाइल करा. तिला ‘एक्स्टेन्शन लिस्ट फायनल नवीन खरी ३’ असं नाव द्या आणि तीन जणांना तीन वेगवेगळ्या दिवशी पाठवा.

माझ्या जुन्या जागेवरची तसली फाइल परवा कुणीतरी मला पाठवली. ‘तुम्ही होतात ना तेव्हा, जरा बघता का?’ ६४८ व्या ओळीत ८४७ नंबर. विभाग रिकामा, नाव रिकामं. शेरा: ‘हा काढू नका. कारण माहीत आहे..’

पाच वर्षांत तीन जणांनी यंत्रणा हाताळली, एकदा सगळा पीबीएक्स, म्हणजे ऑफिसचं टेलिफोन एक्स्चेंज, बदलला. ८४७ ला कुणी हात लावलेला नाही. शेरा टाइप केलेला आहे, अक्षर ओळखायचा प्रश्न नाही. पण वाक्याच्या शेवटी दोन टिंबं द्यायची खोड माझी. म्हटलं, लावून तरी बघा. त्यांनी माझा फोन चालू ठेवून शेजारच्या फोनवरून ८४७ लावला. पलीकडे कुठेतरी रिंग वाजत होती. कुणी उचलला नाही.