कुठली सेटलमेंट?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या सेटलमेंट सोडून दुसरा विषय नाही, कुणाची ऑर्चर्डमधली जागा सेटलमेंट झाली, कुणाची फाइल टीसीपीत, म्हणजे टाउन अँड कंट्री प्लॅनिंग खात्यात अडकली, शेजारच्या डोंगरावर जेसीबी कसा चढला. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, घरं बांधता येतात ती जमीन सेटलमेंट झोन, आणि बागायतीला किंवा डोंगराला तो शिक्का बसला की भाव कुठच्या कुठे जातो. 2007 मध्ये लोक रस्त्यावर उतरले म्हणून रिजनल प्लॅन 2011 (कुठली जमीन कशासाठी ते ठरवणारा, 2011 पर्यंतचा राज्याचा आराखडा) रद्द झाला, मग 2021 पर्यंतचा आला, मग त्यातल्या "चुका" दुरुस्त करायला 2023 साली टाउन अँड कंट्री प्लॅनिंगच्या कायद्यात कलम 17(2) घुसवलं, हायकोर्टानं मार्च 2025 मध्ये त्याचे नियम उडवले, पण तोवर अर्जावर झोन बदलून देणारं कलम 39ए येऊन बसलं होतंच.

इकडे इंग्लंडात, स्विंडनमध्ये आम्हा गोंयकारांच्या तोंडी हाच शब्द, अर्थ भलताच. पोर्तुगीज पासपोर्टवर आलेल्यांना ब्रेक्झिटनंतर ईयू सेटलमेंट स्कीमखाली अर्ज करावा लागला, मुदत होती 30 जून 2021. सलग पाच वर्षं राहिलेला तो सेटल्ड, कमी राहिलेला प्री-सेटल्ड, म्हणजे साखरपुडा झालाय पण लग्नाचा पत्ता नाही. मावशी फोनवर "सेटल झालास मरे?" विचारते तेव्हा तिला नोकरी, बायको, पोरं म्हणायचं असतं, व्हिसाबिसा नाही. बँकेची वन टाइम सेटलमेंट वेगळी, कोर्टाबाहेरची वेगळी, आणि गावात कोणी आवाज खाली करून "सेटलमेंट केली" म्हणाला तर पैसे कुणी कुणाला दिले तेवढंच विचारायचं. पाया खाली बसला तर इथला सर्व्हेयर रिपोर्टात त्यालाही सेटलमेंटच लिहितो!

पण मला खटकतं ते हे, की इथली सेटलमेंट माणसाला चिकटलेली असते. मी सलग पाच वर्षं या देशाबाहेर राहिलो तर माझं स्टेटस जातं, राहशील तर मिळेल असा सरळ हिशेब. आपल्याकडची जमिनीला चिकटते, वर कोणी राहो न राहो. व्हिला बांधायचा, विकायचा, वर्षातले दोन आठवडे दिवे लागणार, तरी झोन सेटलमेंट तो सेटलमेंटच.

इथे सगळं छान आहे असं नाही हं. इथेही गावाभोवती सेटलमेंट बाउंड्री आखलेली असते, तिच्याबाहेर सहसा बांधू देत नाहीत, आणि मग तरुणांना घर परवडत नाही ही बोंब असतेच. पण एक गोष्ट यांनी पकडली, घर कोण वापरतो. वेल्समधल्या कौन्सिलांना 2023 पासून सेकंड होमवर कौन्सिल टॅक्सच्या (इथल्या घरपट्टीच्या) वर 300 टक्क्यांपर्यंत जादा लावता येतो, इंग्लंडमध्ये एप्रिल 2025 पासून 100 टक्के. आपलं सगळं भांडण मात्र नकाशाच्या रंगावर. 39ए गेलंच पाहिजे, त्यात वाद नाही, पण ते गेल्यावरही आधीच सेटलमेंट असलेल्या जागेत बंद व्हिलेच उभे राहणार असतील तर गावातल्या पोराला काय मिळालं? त्याला भाड्यानंही खोली मिळत नाही.

आणि परदेशातून "सेव्ह गोवा" फॉरवर्ड करणाऱ्यांनी (मीही करतो) एवढं लक्षात ठेवावं की ओसीआय कार्डवाल्याला (म्हणजे परदेशी पासपोर्ट घेतलेल्या आपल्यासारख्या मूळच्या भारतीयाला) शेतजमीन, बागायत विकत घेता येत नाही, राहती जागा घेता येते. म्हणजे गावात प्लॉट घ्यायचा तर आपल्याला सेटलमेंटच लागते, मग आपण नक्की कुणाच्या बाजूला?

मला विचाराल तर पंचायतीची घरपट्टी रिकाम्या घरांना चौपट करा, दिल्लीवाला असो की लंडनवाला. यात आमची कुलपं लावलेली वडिलोपार्जित घरंही सापडतील. सापडू देत, निदान कोणाला तरी भाड्यानं देऊ.