निधी वाटावा कसा, अर्थात न वाटता वाटावा कसा

नियंत्रक अधिकारी, म्हणजे योजनेचा निधी खालच्या कार्यालयांना वाटणारे साहेब झालात, अभिनंदन! आता तुमच्या योजनेची तरतूद ‘बीम्स’वर (शासनाच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर) दिसू लागेल. दिसली म्हणजे मिळाली, असा गैरसमज नको. वित्त विभाग ती टप्प्याटप्प्याने सोडतो, तुम्हीही तीच रीत खाली पाळा. सगळ्या आहरण व संवितरण अधिकाऱ्यांना (कार्यालयाची देयकं काढणाऱ्यांना) एप्रिलातच पूर्ण वाटप करून टाकलंत, तर वर्षभर तुमच्या दालनाबाहेर बसणार कोण?

खरी करामत उद्दिष्टशीर्षांत, म्हणजे खर्चाच्या प्रकारांना दिलेल्या क्रमांकांत आहे. तालुक्याच्या कार्यालयाचं वीजबिल थकलंय? मग ०६ (दूरध्वनी, वीज व पाणी) कोरडं ठेवा आणि १७ (संगणक खर्च) सढळ हाताने द्या. १७ मधून वीजबिल भरता येत नाही. नवे प्रिंटर येतील, खोक्यातच राहतील, कारण मीटर कापलेला. कुणी पुनर्विनियोजनाचा (एका शीर्षातला निधी दुसऱ्यात वळवण्याचा) प्रस्ताव पाठवलाच, तर नाही म्हणू नका, त्रुटी काढा. ‘बचतीची कारणमीमांसा जोडलेली नाही’ एवढं एक वाक्य प्रस्तावाला महिनाभर खाली बसवतं. गाडी निर्लेखित (दफ्तरातून बाद) झालेल्या कार्यालयाला २४ (पेट्रोल, तेल व वंगण) मात्र न विसरता द्या.

आठमाही अंदाजपत्रकात (पहिल्या आठ महिन्यांच्या खर्चावरून केलेल्या सुधारित अंदाजात) शिल्लक कधी दाखवायची नाही. जो काटकसर करतो त्याची पुढच्या वर्षीची तरतूद कापली जाते. (असा एखादा लेखापाल प्रत्येक जिल्ह्यात असतो, बिचारा.) उलट डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागणी (जादा निधीची) टाका. गरज आहे का, हा प्रश्न मार्चमधला.

आणि मार्च म्हणजे ३१ तारीख. निधी सायंकाळी सोडा. मग खालचा कारकून बीडीएस स्लिप (बीम्सवरची खर्चाच्या मंजुरीची चिठ्ठी) काढणार, देयकाला जोडणार, कोषागाराच्या रांगेत उभा राहणार. तिथे लेखाशीर्षाचा एक आकडा चुकलेला निघाला की देयक परत. दरम्यान टोनरचं दुकान उघडं ठेवायला लावलेलं असतं, दरपत्रकं तीन, अक्षर एकच. रात्री बाराला उरलेला निधी व्यपगत, म्हणजे बुडाला. वेळेत समर्पण केलं असतं, म्हणजे निधी परत केला असता, तर तो दुसऱ्या कुणाच्या कामी आला असता, पण तसं करणं म्हणजे मागणी फुगवली होती हे लेखी कबूल करणं.

पुढे महालेखापालांच्या अहवालात ‘पुरवणी मागणी अनावश्यक ठरली’ असा शेरा येईल. घाबरू नका. खुलासा क्षेत्रीय कार्यालयाकडून मागवा. ते लिहितील, ‘निधी विलंबाने प्राप्त झाल्याने खर्च होऊ शकला नाही.’ त्याखाली ‘सहमत’ लिहून सही करा आणि विधिमंडळाच्या लोकलेखा समितीकडे पाठवून द्या.