बैलाच्या खात्याला मामांचा ओटीपी कशाला?

‘कोर्टानं जनावरांना व्यक्ती मानलं. आता बैलाची कमाई बैलाच्याच नावे बँकेत जमा होणार, कानातला १२ अंकी बिल्ला हाच त्याचा आधार, आणि बैल विकला तर माणूस विकल्याचा गुन्हा.’ हा मेसेज खान्देशातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. चोपड्याहून मामांचा फोन आला, “भाऊ, बैलनं खातं बी उघडस का रे?” तेव्हा मात्र डोकं फिरलं.

४ जुलै २०१८ ला उत्तराखंड उच्च न्यायालयानं प्राण्यांना कायदेशीर व्यक्ती म्हटलं, हे खरं. पण खटला होता नेपाळ सीमेवरच्या टांग्यांच्या घोड्यांच्या हालांचा, त्यांच्या कमाईचा नव्हे. पुढं १८ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं आपली बैलगाडा शर्यत कायम ठेवली आणि राज्यघटना प्राण्यांना मूलभूत हक्क देत नाही, असं स्पष्ट सांगितलं. हा निकाल मेसेजमध्ये कुठंच नाही.

आता खात्याचं. बैलाचं खातं उघडून देतो म्हणत मामांच्या गावात आलेल्या माणसानं फॉर्मचे ५०० रुपये मागितले, वर मामांचं आधार, अंगठा आणि मोबाईलवर आलेला ओटीपी. खातं बैलाचं, तर ओटीपी मामांचा कशाला? अशा कागदांवर माणसाच्याच नावानं खातं निघतं, त्यातून कोणाचे पैसे फिरतील सांगता येत नाही, आणि पोलीस येतात ते मामांच्या दारी. बैलाच्या मायेपोटी साधी माणसं यात अडकतात, राग याचाच येतो.

‘देवाच्या नावे जमीन असते, मग नंदीच्या का नको?’ या प्रश्नात थोडं तथ्य आहे, मान्य. धाराशिवच्या उपळा गावी तर ३२ एकर जमीन माकडांच्या नावे नोंदलेली आहे. पण देवाच्या जमिनीमागे विश्वस्त असतात, त्यांना हिशोब द्यावा लागतो. बैलाच्या पैशाचा हिशोब मालकाला कोण विचारणार? उद्या कायद्यानं तशी सोय केली, थकलेल्या बैलाच्या चाऱ्याला त्याच्याच कष्टाचा पैसा राखून ठेवला, तर मला आनंदच होईल. आज तशी सोय नाही.

बिल्ला लसीकरण, विमा आणि खरेदी-विक्रीच्या नोंदीसाठी असतो. बँकेत तो चालत नाही.

विक्रीचं म्हणाल तर कत्तलीसाठी बैल विकायला २०१५ पासून राज्यात बंदी आहे. शेतीसाठी विकायला नाही. आणि जनावर विकणं म्हणजे माणूस विकणं असतं, तर सारंगखेड्याला दत्त जयंतीच्या यात्रेत घोड्यांचे सौदे आजही उघड्यावर झाले नसते.