मागचा बाक गेला

चर्चमधला मागचा बाक ही फार मोलाची जागा. वसईत माझा तसा एक ठरलेला बाक होता. रविवारच्या मिस्साला, म्हणजे मुख्य उपासनेला, गर्दी एवढी, की मी आलो काय नि न आलो काय, देवाखेरीज कुणाला पत्ता लागत नसे. आणि देव चहाड्या करत नाही. प्रवचन लांबलं की खांबाआड सरकावं, शेवटच्या गीताच्या दुसऱ्या कडव्याला स्कूटर काढावी. असं सगळं छान चाललेलं असताना बँकेने साताऱ्याला बदली केली.

साताऱ्याच्या चर्चमध्येही मागचे बाक आहेत, पण ते नावाला. मंडळी मुळात बेताची. केरळच्या नर्सताई, नगरकडून येऊन इथेच मुरलेली कुटुंबं, एमआयडीसीतले गोवेकर आणि मंगळूरकर. मागे एकटा बसलात तर हा माणूस रुसलाय असं धरून दोघं-तिघं समजूत काढायला येतात. त्यात फादर मिस्साच्या आधीही दारात उभे आणि नंतरही दारात उभे. पहिल्याच रविवारी त्यांनी नाव, गाव, बायकोचं माहेर, पोराची इयत्ता एवढं विचारून घेतलं, की आमच्या केवायसीच्या फॉर्मला तेवढे रकाने नाहीत. पुढच्या रविवारी सगळं तोंडपाठ. "काय वसईकर, पोराचा खोकला कसा हाय?" फादर मूळचे मंगळूरचे, पण मराठी साताऱ्यात शिकलेले. त्यामुळे ‘काय राव’ आणि ‘लई भारी’ प्रवचनातसुद्धा येतं, आणि आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

या आपुलकीची खरी किंमत प्रायश्चित्तकाळ, म्हणजे ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस, लागल्यावर कळते.

त्याचा पहिला दिवस म्हणजे राखेचा बुधवार; यंदा तो 18 फेब्रुवारीला आला. तीन दिवस आधी महाशिवरात्र, दुसऱ्या दिवशी रमजानचा पहिला रोजा. त्या आठवड्यात आमच्या शाखेत पोटभर जेवलेला माणूस शोधावा लागत होता. सकाळच्या मिस्साला कपाळावर राखेचा क्रूस घेऊन मी तसाच काउंटरला बसलो. पेन्शन न्यायला आलेल्या एका आजोबांनी निरखून पाहिलं आणि हात जोडले, "यवतेश्वरला जाऊन आला वाटतं?" मीही हात जोडले. रांग मोठी होती.

दुपारी हेडकॅशियरने चौकशी सुरू केली.

"साबुदाणा चालतो?"

"चालतो."

"वरी?"

"चालते."

"भाकरी?"

"तीपण. एकदा पोटभर, आणि दोनदा अगदी थोडं. आज आणि गुड फ्रायडेला."

"मग सोडलं काय तुम्ही?"

"मटण. शुक्रवारी तर नाहीच, आणि आमच्या घरी सगळे चाळीस दिवस नाही."

यावर काउंटरच्या अलीकडे-पलीकडे शांतता पसरली. मग मी खुलासा केला की यात रविवार धरत नाहीत; राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत होतात 46 दिवस, त्यातून 6 रविवार वजा. त्याने कॅल्क्युलेटर न घेता हिशोब केला. "म्हणजे रविवारी मटण हाय! मग साहेब, आम्ही वर्षभर दुसरं काय करतो?"

हे मी फादरांना हसत हसत सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "त्याचं बरोबर हाय. तुम्ही जरा टोचेल असं काहीतरी सोडा." म्हणून मी कंदी पेढे सोडले. मार्च महिन्यात, साताऱ्यात, बँकेत बसून. कर्ज मंजूर झालं की पेढे. पोरीचं लग्न ठरलं की पेढे. वसुलीची नोटीस चुकून गेली होती असं कळलं, तरी पेढे. खरपूस भाजलेल्या खव्याचा वास पुठ्ठ्याच्या खोक्यातून, प्लास्टिकच्या पिशवीतून, बंद ड्रॉवरमधूनसुद्धा येतो, हे मी आता शपथेवर सांगू शकतो.

मग पापनिवेदन, म्हणजे आपली पापं फादरांपुढे कबूल करणं. वसईत या दिवसांत बाहेरगावचे फादर मदतीला येतात; आपल्याला न ओळखणारा कोण ते बघून रांग धरायची. इथे एकच फादर, आणि ते पावलांवरून माणूस ओळखतात. अडचण अशी, की तोवर त्यांनी मला वाचन, खुर्च्या आणि शुक्रवारच्या ‘क्रुसाची वाट’ या प्रार्थनेचा लाउडस्पीकर एवढं दिलेलं होतं, आणि माझं यंदाचं मुख्य पाप म्हणजे फादरांचा आलेला राग. "एका माणसाबद्दल मनात सारखी चिडचिड असते," मी जाळीतून म्हणालो, "तो उठसूट कामं सांगतो." पलीकडे बारीक खोकला झाला. "त्याला दुसरं कुणी मिळत नसेल," उत्तर आलं. प्रायश्चित्त म्हणून ‘नमो मरिया’ ही प्रार्थना तीनदा. पापनिवेदनात ऐकलेलं फादर मरेपर्यंत बोलत नाहीत, हा चर्चचा कडक नियम, आणि तो त्यांनी अक्षरशः पाळला. अंगणात भेटले तेव्हा चेहरा कोरा. ईस्टरच्या आदल्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, लागणाऱ्या झावळ्या आणायचं काम तेवढं माझ्या गळ्यात घातलं.

वसईत वाडीत शिरलं की झावळी. साताऱ्यात ओळखी काढाव्या लागतात. शेवटी चर्चच्या आज्यांना दर रविवारी आणणारे रिक्षावाले मामा धावून आले. कोरेगावकडे त्यांच्या मेव्हण्याच्या विहिरीवर नारळाची झाडं होती. रिक्षातून दोन्हीकडे झावळ्यांचे शेंडे फडफडत आम्ही पोवई नाक्यावरून आलो तेव्हा एका हवालदाराने, लग्न कुणाचं, एवढंच विचारलं. मामांनी एकही पैसा घेतला नाही. उरलेल्या झावळ्या मात्र टाकायच्या नाहीत; त्या सुकवून, जाळून पुढच्या राखेच्या बुधवारची राख होते. त्या ठेवायला कोरडी जागा म्हणून फादरांना आमचा माळा आवडला.

झावळ्यांच्या रविवारी ख्रिस्ताच्या दुःखसहनाचं वाचन भूमिका वाटून करतात. ते कुणाच्या शुभवर्तमानातलं घ्यायचं हे दर वर्षी बदलतं; यंदाचं वर्ष मत्तयचं. ख्रिस्ताचे शब्द फादरांकडे, निवेदन एका नर्सताईंकडे, आणि पिलात, म्हणजे हात धुऊन ख्रिस्ताला क्रुसावर धाडणारा रोमी सुभेदार, कंपनीतल्या इंजिनिअरकडे. "आणि यहुदा तुम्ही," फादर म्हणाले. यहुदा म्हणजे तीस नाण्यांसाठी ख्रिस्ताला धरून देणारा शिष्य.

"मीच का?"

"बँकेत हाय ना. तीस नाण्यांचा व्यवहार तुमच्या तोंडी शोभेल."

वाक्यं मोजून पाच, बदनामी दोन हजार वर्षांची. तालमीत फादरांनी मला दोनदा थांबवलं. "एवढं नम्र नको राव, तुम्ही कर्ज मागायला आला नाही." रविवारी मी जीव तोडून वाचलं. परिणाम असा, की मिस्सानंतर एक चिमुरडी माझ्याकडे बोट दाखवून आईच्या पदराआड गेली, आणि ज्या आजी मला दर रविवारी चॉकलेट देत, त्या नुसत्या मान हलवून पुढे सरकल्या.

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी, ख्रिस्ताने शिष्यांचे धुतले तसे, फादर बारा जणांचे पाय धुतात. बेताच्या मंडळीत बारा जण जमवणं सोपं नाही. 2016 साली पोप फ्रान्सिस यांनी बायकांचेही पाय धुवायला मुभा दिली म्हणून बरं, नाहीतर आमच्याकडे नऊवरच गाडी अडली असती. माझं नाव यादीत लागल्यावर बायकोने माझ्या टाचा पाहिल्या आणि वजरी घेऊन बसली. भेगा अशा, की त्यात एक रुपयाचं नाणं उभं राहावं. आठवडाभर रोज रात्री कोकम तेल आणि वर मोजे. पाय धुवून घ्यायला जाण्याआधी ते एवढे धुवावे लागतात हे बायबलमध्ये कुठे लिहिलेलं नाही.

त्याच दिवशी, 2 एप्रिलला, हनुमान जयंतीही होती. संध्याकाळी पाहतो तर बाराव्या खुर्चीत रिक्षावाले मामा. कपाळावर मारुतीचा शेंदूर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खिशात सुंठवड्याची पुडी. फादरांनी झावळ्यांचं भाडं असं फेडलं होतं. हे नियमात बसतं का, ते विचारायला मी वसईच्या कुणालाही फोन केला नाही. फादर एकेका खुर्चीपुढे गुडघे टेकत आले, उठताना प्रत्येक वेळी गुडघा कट् वाजायचा. माझा पाय पुसताना हळूच म्हणाले, "वजरी?" मी मान हलवली. मामांचा पाय धरला तेव्हा मामा ओशाळून म्हणाले, "राहू द्या की फादर, मी करतो."

ईस्टरला मामा अर्धा किलो पेढे घेऊन आले. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

आता बदलीचे अर्ज निघालेत. वसईसाठी मी तो भरून ठेवलाय, पण द्यायचा राहिलाय. फादरांना कुठून कळलं कोण जाणे. दारात गाठून म्हणाले, "इंजिनिअर पुण्याला चाललेत. पुढच्या वर्षी पिलात रिकामा हाय. बढती समजा."

मी म्हटलं, "बघतो. निदान शेवटी हात धुवायला तरी मिळतील."

"ते मत्तयमध्ये," फादर म्हणाले. "पुढचं वर्ष मार्कचं. तिथं पिलातला हात धुवायची सोय नाही."